लाज कोणी बाळगायची? : भावना, लिंगभाव आणि बदलता समाज



होमिओपॅथीच्या दवाखान्यात रोग्याला प्रश्न फार विचारले जातात. तहान किती लागते, झोप कोणत्या कुशीवर लागते, थंडी सोसते की ऊन, इथपासून ते राग येतो का, रडू येते का, रडताना कोणी समजूत घातलेली आवडते की नकोशी वाटते, इथपर्यंत. बी.एच.एम.एस. होऊन सीमाभागातल्या एका गावात मी दवाखाना उघडला त्याला आता चाळीस वर्षे होत आली. एवढ्या काळात हेच प्रश्न मी बायकांना विचारले, पुरुषांना विचारले, आणि उत्तरे मात्र दोन वेगळ्या साच्यांतून यावीत तशी येत गेली.

पुरुषाला 'रडू येते का?' असे विचारले की तो हसतो. "छे हो डॉक्टर, आम्ही कुठले रडतोय!" त्याच माणसाला छातीवर दडपण येते का, पहाटे तीनला जाग येते का, असे विचारा, तो पंधरा मिनिटे बोलतो. बाईला 'राग येतो का?' असे विचारले की ती आधी बरोबर आलेल्या सासूकडे किंवा नवऱ्याकडे बघते. मग म्हणते, "राग येऊन काय करायचं? डोकं दुखतं बघा."

एकाचे रडणे छातीत जाऊन बसते, दुसरीचा राग डोक्यात. हे असे का होते आणि समाज बदलतो तेव्हा यात काय बदलते, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. त्यात माझ्या हातून झालेली एक चूकही आहे. ती सांगितल्याशिवाय हा विषय मांडण्याचा मला अधिकार नाही, असे मला वाटते.

निसर्ग किती, शिकवण किती

भय वाटले की छाती धडधडते, हाताला घाम सुटतो; राग आला की चेहरा लाल होतो, मुठी वळतात. या बाबतीत स्त्री आणि पुरुष यांच्या शरीराची घडण एकच आहे. अश्रुग्रंथी मुलाला आहेत तशाच मुलीलाही आहेत. वयात येताना, बाळंतपणानंतर, पाळी जाण्याच्या सुमारास शरीरातील संप्रेरके बदलतात आणि त्यांचा मनावर परिणाम होतो, हे खरे. पण कोणती भावना उघड दाखवावी, कोणती गिळावी आणि तिला कोणते नाव द्यावे, हे संप्रेरके शिकवत नाहीत. ते घर शिकवते.

अंगणात दोन भावंडे पडतात. दोघांचाही गुडघा फुटतो. मुलीला आजी कडेवर घेते, मुलाला म्हणते, "मुलीसारखा रडतोस काय?" या एका वाक्यात दोघांनाही धडा मिळतो. मुलगा शिकतो की रडणे कमीपणाचे आहे. मुलगी शिकते की आपल्यासारखे असणे हेच कमीपणाचे आहे.

आपली भाषाही हेच करते. संतापी पुरुषाला आपण 'करारी' म्हणतो, 'जमदग्नी' म्हणतो. त्यात थोडे कौतुकही असते. तोच संताप बाईने केला तर ती 'कजाग', 'कर्कशा'. लाजऱ्या मुलीला 'गुणी' म्हणतो, लाजऱ्या मुलाला 'बायल्या'. 'लज्जा हा स्त्रीचा अलंकार' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की हा अलंकार कोणी घडवला आणि तिच्या अंगावर कोणी चढवला, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही.

आमची वैद्यकाची पुस्तकेही यातून सुटलेली नाहीत. आमच्या औषधींच्या वर्णनात पल्सेटिला हे मुख्यतः स्त्रियांचे औषध म्हणून येते : मवाळ, पटकन रडणारी, दुसऱ्याचे ऐकणारी व्यक्ती. नक्स व्होमिका म्हणजे चिडका, धावपळ करणारा, कामात बुडालेला माणूस, बहुधा पुरुष. हानेमान यांनी 'ऑर्गेनॉन'मध्ये रोग्याच्या मनःस्थितीकडे नीट लक्ष द्यायला सांगितले. ते स्त्रीसाठी वेगळे आणि पुरुषासाठी वेगळे सांगितलेले नाही. तरी कित्येक वर्षे मी बाई समोर बसली की रडणे शोधत असे आणि पुरुष बसला की चीड शोधत असे. जे शोधावे ते सापडते. संतापलेली बाई आणि आतून रडणारा पुरुष माझ्या समोरून किती गेले असतील, याची मोजदाद मी करू शकत नाही.

याची किंमत लहान नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशात सुमारे १ लाख ६४ हजार आत्महत्या झाल्या. त्यांपैकी सुमारे १ लाख १९ हजार पुरुष होते. कर्ज, आजार, घरातले कलह अशी कारणे अनेक असतात. एकाच गोष्टीवर बोट ठेवणे योग्य नाही. पण ज्याला लहानपणापासून 'दुःख सांगू नकोस' असे शिकवले, त्याने वेळेवर कोणाला सांगावे, हा प्रश्न उरतोच.

नावडीला किंमत नव्हती तेव्हा

समाज बदलतो म्हणजे नेमके काय होते, हे पाहण्यासाठी एक जुने उदाहरण घेऊ. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या आईच्या आणि सावत्र वडिलांच्या घरीच वाढल्या, शिकल्या. १८८४ साली दादाजींनी त्यांना नांदायला आणण्यासाठी न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंचे म्हणणे साधे होते : न कळत्या वयात, माझ्या संमतीवाचून झालेले हे लग्न मी मानत नाही आणि या माणसाबरोबर मला राहायचे नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण तो टिकला नाही. १८८७ मध्ये आदेश झाला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढे १८८८ मध्ये तडजोड झाली. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली.

त्या वेळी गदारोळ उठला तो धर्म, शास्त्र आणि परके सरकार यांवरून. पण मुळात प्रश्न एका भावनेचा होता. बाईला नवरा आवडत नाही, या गोष्टीला काही किंमत आहे का? त्या काळाच्या बहुतेकांचे उत्तर होते, नाही. पुरुषाच्या नावडीने सवत घरात येत असे. बाईच्या नावडीला नुसते नावही नव्हते.

आज काय आहे? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नांदायला येण्याचा दावा अजूनही आहे. पण १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता हे घटस्फोटाचे कारण ठरले आणि न्यायालयांनी त्यात मानसिक क्रूरताही धरली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात मारहाणीच्या जोडीला शाब्दिक आणि भावनिक छळ हेही शब्द आले. म्हणजे जी भावना पूर्वी बाईने गिळायची होती, ती आता न्यायालयात सांगता येते. समाज बदलला म्हणून नवी भावना जन्माला आली, असे नाही. रखमाबाईंना वाटले ते त्यांच्या आधी हजारो मुलींना वाटले असणारच. बदलले ते ऐकणाऱ्यांचे कान.

लाज कोणाची गेली?

आता एक मराठी शब्द पाहा : विनयभंग. कोणी पुरुष रस्त्यात बाईच्या अंगाला हात लावतो. गुन्हा त्याचा. पण शब्दात भंगतो तो तिचा विनय. 'अब्रू लुटली', 'इज्जत गेली' हे शब्दप्रयोगही तसेच. चोराने घर फोडले तर आपण घरमालकाची अब्रू गेली म्हणत नाही. इथे मात्र करतो तो सुटतो आणि जिच्यावर बेतते तिने तोंड लपवायचे, अशी भाषेचीच रचना आहे.

१९९७ साली विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल नियम घालून दिले आणि २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. 'लैंगिक छळ' या शब्दात बोट छळ करणाऱ्याकडे जाते. जुना शब्द कायद्यातून पूर्ण गेलेला नाही, वर्तमानपत्रांतूनही नाही. पण एक शब्द मागे सरकतो आणि दुसरा पुढे येतो, तेव्हा लाजही एका खांद्यावरून उतरून दुसऱ्या खांद्यावर जात असते. सामाजिक बदल मोजायची माझ्यासारख्या डॉक्टरची पट्टी हीच आहे : काल जो लाजत होता तो आज लाजतो का, आणि ज्याने लाजायला हवे होते तो आता लाजू लागला आहे का?

पाठशाळेत पाठ केलेली यादी

मी जैन घरातला. लहानपणी पाठशाळेत तत्त्वार्थसूत्र पाठ करून घेत. आठव्या अध्यायात कर्मांचे प्रकार येतात. त्यांत मोहनीय कर्माच्या वर्णनात क्रोध, मान, माया, लोभ हे कषाय येतात, आणि त्यांच्या मागून नऊ नोकषाय, म्हणजे थोडे सौम्य कषाय : हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा, स्त्रीवेद, पुरुषवेद आणि नपुंसकवेद. इथे वेद म्हणजे ग्रंथ नव्हे, तर कामवासनेचा अनुभव. आम्ही हे सगळे घडाघडा म्हणत असू. अर्थ कळायला पन्नाशी उलटावी लागली.

या यादीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, कामवासनेला हसणे, रडणे, भिणे यांच्याच पंक्तीत बसवले आहे. ती भावनाच आहे, शरीराचा अवयव नव्हे. आमच्या आचार्यांनी शरीराची घडण आणि आतला भाव यांत भेद केला : एक द्रव्यवेद, दुसरा भाववेद. 'गोम्मटसार'सारख्या ग्रंथात असे मानले आहे की हे दोन्ही बहुधा जुळतात, पण क्वचित जुळत नाहीतही. म्हणजे शरीर एक आणि मनाची ओढ दुसरी असू शकते, हे आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी लिहिलेले आहे. ते परदेशातून आलेले खूळ नव्हे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्याच यादीत जुगुप्सा आहे. जुगुप्सा म्हणजे किळस. दुसऱ्याची ओढ आपल्यापेक्षा वेगळी आहे हे कळल्यावर आपल्याला जी किळस येते, तिला आपण नीतिमत्ता समजतो. शास्त्र तिला नोकषाय म्हणते, म्हणजे आपल्याच आत्म्याला चिकटलेला मळ. शास्त्राचा उद्देश सगळ्याच वासनांच्या पार जाण्याचा आहे. आजच्या हक्कांची भाषा तिथे शोधू नये, आणि स्त्रीला मोक्ष मिळतो की नाही यावर आमच्याच दोन पंथांत शतकानुशतके वाद आहे, हेही लपवू नये. पण ज्याच्यावर बोट रोखतो तो आणि बोट रोखणारा, दोघेही त्या यादीत एकाच रांगेत उभे आहेत, एवढे तरी ती शिकवते.

माझी चूक

आता ती चूक सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पस्तीस एक वर्षांपूर्वी एक सधन शेतकरी आपल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आला. तक्रार पोटाची आणि झोपेची. वडिलांना मी बाहेर बसवले. बराच वेळ गप्प राहून मुलगा म्हणाला, "डॉक्टर, घरात लग्नाचं बघायला लागलेत. मला मुलींबद्दल तसं काही वाटत नाही. कधीच वाटलं नाही." त्याला कोणाबद्दल वाटते हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. विचारायची मलाच लाज वाटली.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी ओढ आजारांच्या यादीतून १९७३ सालीच काढली होती. मला ते ठाऊक नव्हते. आम्ही शिकलो तेव्हा ती 'विकृती' म्हणूनच शिकलो. मी औषधाच्या पुड्या बांधून दिल्या आणि पाठीवर हात ठेवून म्हणालो, "अरे, लग्न झालं की सगळं ठीक होतं." लग्नाला मी जेवायलाही गेलो.

तीन वर्षांनी त्याची बायको आली. डोकेदुखी. सोबत सासू. मी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "राग कुणावर करू? ते वाईट नाहीत. मीच त्यांना आवडत नसेन." गावात तिला वांझ म्हणू लागले होते. पुढे तिला माहेरी पाठवले. मुलगा गाव सोडून गेला. त्या दोघांचेही पुढे काय झाले, मला माहीत नाही.

त्या मुलाची लाज मी औषधाने झाकली आणि ती जाऊन बसली एका निरपराध मुलीच्या माथ्यावर. आपण म्हणतो ना, ज्याचे त्याला भोगावे लागते. इथे तसे झाले नाही. ज्यांनी विचारायला हवे होते ते दोन्हीकडचे आईवडील आणि मी, कोणालाच काही भोगावे लागले नाही.

त्यानंतर काय काय बदलले

मी हे नाही म्हणू शकत की तेव्हा मराठीत कोणी काही लिहिलेच नव्हते. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. वाचक लाजत लाजत प्रश्न पाठवत आणि ते न लाजता उत्तरे देत. हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कर्व्यांना दंड झाला. माझ्या वडिलांच्या पिढीत ते मासिक घरात उघड ठेवत नसत. कर्वे सांगत होते ते मी चाळिशीनंतर वाचले. आधी वाचले असते तर त्या मुलाला निदान खोटे सांगितले नसते.

१९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने समलिंगी ओढ आजारांच्या यादीतून काढली. २०१४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना आपले लिंग स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी ३७७ व्या कलमाचा जो भाग प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांना गुन्हा ठरवत होता, तो न्यायालयाने रद्दबातल ठरवला. समलिंगी विवाहाला मात्र २०२३ मध्ये न्यायालयाने मान्यता दिली नाही. म्हणजे वाट अजून अर्धी आहे.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो २०२१ मधला मद्रास उच्च न्यायालयाचा एक निकाल. दोन मुली घरच्यांच्या भीतीने न्यायालयात आल्या होत्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी मोकळेपणाने मान्य केले की हा विषय आपल्याला पुरेसा कळलेला नाही. निकाल लिहिण्याआधी ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन समजून घेऊन आले. मग त्यांनी अशा व्यक्तींना 'बरे' करण्याच्या सगळ्या उपचारांना मनाई केली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार असल्याचे कळवले. ते वाचताना मला माझ्या पुड्या आठवल्या. न्यायाधीश 'मला कळत नाही' असे म्हणू शकतो, तर डॉक्टरला आणि आईबापाला ते म्हणायला जड का जावे?

आपल्या भागापुरते बोलायचे तर सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आपल्याला लांब नाही. तिथे साडी नेसलेल्या, कुंकू लावलेल्या जोगप्पांच्या पाया आपण पडतो, त्यांच्या परडीत धान्य घालतो. यात्रा संपली की तेच जोगप्पा बाजारात दिसले तर तोंड फिरवतो. डोंगरावर श्रद्धा आणि बाजारात जुगुप्सा, माणूस तोच. २०२१ साली बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती यांना पद्मश्री मिळाली. सरकारने मान दिला. शेजारपाजाऱ्यांनी द्यायचा मान वेगळा असतो आणि तो सरकारला देता येत नाही.

घरात काय करता येईल

तीन साध्या गोष्टी सुचवतो. यांसाठी डॉक्टर लागत नाही.

नातू पडला आणि रडला तर त्याला रडू द्या. 'मुलीसारखा' हा शब्द तेवढा गाळा. नात रागावली तर 'मुलीच्या जातीला शोभत नाही' असे म्हणू नका; राग कशाचा आला ते विचारा. बहुधा तिचा मुद्दा बरोबर असतो.

घरात स्थळे बघायला लागण्याआधी मुलाला आणि मुलीला, दोघांनाही एकेकटे बसवून विचारा : "तुला लग्न करायचं आहे का?" आणि उत्तर आपल्या मनासारखे आले नाही तरी खोलीतून उठून जाऊ नका. 'नाही' या उत्तरामागे काय आहे, हे त्याच दिवशी कळलेच पाहिजे असे नाही. दार उघडे आहे एवढे त्यांना कळले तरी पुष्कळ आहे.

आणि कोणाची किळस वाटली तर क्षणभर थांबून ती कोणाच्या मनात उठली आहे, ते बघा. पाठशाळेतल्या यादीत तिचा क्रमांक सहावा आहे. भय तिच्या लगेच आधी येते, आणि मला वाटते ते उगाच नाही.

माझ्या दवाखान्यात आजही तेच प्रश्न विचारतो. फरक एवढाच की आता बाईला रागाबद्दल आणि पुरुषाला रडण्याबद्दल विचारतो, बरोबरच्या माणसाला बाहेर बसवतो, आणि उत्तर येईपर्यंत वाट बघतो. कधी कधी पाच मिनिटे कोणी बोलत नाही. त्या तेवीस वर्षांच्या मुलाला मी तेवढी पाच मिनिटे दिली नव्हती.